कानातल्या परक्या पेशी



कान-नाक-घशाच्या दवाखान्यात हल्ली एक प्रश्न वरचेवर ऐकू येतो. "डॉक्टर, मशीन नको, ऑपरेशनही नको, ते स्टेम सेलचं इंजेक्शन मिळतं ना आता?" विचारणाऱ्याच्या मोबाइलवर बातमी उघडलेलीच असते. बातमी खरी असते, पण अर्धी. उरलेल्या अर्ध्या भागाबद्दल आज बोलतो.

आतल्या कानात शंखासारखं एक वेटोळं असतं. त्यात सुमारे १५,००० केशपेशी. आवाजाच्या कंपनांचा विजेचा संदेश करायचा हे त्यांचं काम, आणि तो मेंदूकडे न्यायचा हे श्रवणनाडीतल्या सुमारे ३०,००० चेतापेशींचं. या दोन्ही पेशी आपण जन्माला येताना जेवढ्या घेऊन येतो तेवढ्याच. वय, गोंगाट किंवा काही औषधं यांनी त्या मेल्या की नव्या येत नाहीत. कोंबडीच्या पिल्लाच्या कानात मात्र केशपेशी पुन्हा उगवतात. १९८०च्या दशकात हे लक्षात आलं आणि संशोधकांना आशा वाटू लागली: पक्ष्याला जमतं ते माणसाच्या कानात घडवून आणता येईल का, निदान बाहेरून पेशी आणून तरी?

त्या वाटेवरचा गाजलेला प्रयोग इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाचा, २०१२ सालचा. मार्सेलो रिव्होल्टा यांच्या गटाने मानवी भ्रूणातून मिळवलेल्या मूलपेशींना, म्हणजेच स्टेम सेलना, प्रयोगशाळेत श्रवणनाडीच्या पेशी होण्याच्या वाटेला लावलं. मग जर्बिल, म्हणजे उंदराच्या कुळातला एक छोटा वाळवंटी प्राणी, त्याच्या कानात औषध सोडून श्रवणनाडी मारली आणि तिच्या जागी या पेशी घातल्या. असे १८ जर्बिल. दहा आठवड्यांत ऐकण्यात सरासरी ४६ टक्के सुधारणा झाली. सरासरीच्या पोटात बरंच काही दडतं, म्हणून हेही सांगतो की काहींना जवळजवळ पूर्ववत ऐकू येऊ लागलं आणि काहींना काडीचा फरक पडला नाही.

वर्तमानपत्रांनी ४६ टक्के उचलले. माणसाच्या पेशी जर्बिलच्या शरीरात टिकल्या कशा, हे बहुतेकांनी विचारलं नाही. त्या टिकाव्यात म्हणून प्राण्यांची प्रतिकारशक्ती औषधाने दाबून ठेवावी लागते.

या औषधांमधलं सगळ्यांत प्रसिद्ध नाव सायक्लोस्पोरिन. नॉर्वेतल्या हार्डांगरविडा पठारावरून १९६९ मध्ये आणलेल्या मातीत एक बुरशी होती. बाझेलच्या सँडोझ कंपनीला तिच्यातून खरं तर जंतू मारणारं औषध हवं होतं. तसं फारसं हाती लागलं नाही, पण त्या बुरशीतला पदार्थ पांढऱ्या पेशींमधल्या टी पेशींना गप्प करतो, हे दिसलं. १९७८ मध्ये केंब्रिजला रॉय काल्न यांनी तो मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना दिला, आणि प्रत्यारोपणाचं शास्त्र त्यानंतर पालटलं. आज आपल्याकडे किडनी बसवलेले हजारो लोक हे औषध किंवा त्याचा जपानी मातीतून आलेला भाऊबंद टॅक्रोलिमस रोज, आयुष्यभर घेतात. रक्तदाब वाढतो, हात थरथरतात, संसर्ग पटकन होतात, त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आणि मूत्रपिंडालाच इजा होऊ शकते. तरी ते घेतात, कारण समोर दुसरा पर्याय डायलिसिसचा असतो.

ऐकू न येण्याने जीव जात नाही. माझं भांडण इथे आहे. धडधाकट माणसाला ऐकू यावं म्हणून जन्मभर प्रतिकारशक्ती दाबून ठेवायला मी तरी सांगणार नाही. आणखी एक विचित्र गोष्ट बघा. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला गंभीर संसर्ग झाला, तर जेंटामायसिन किंवा अमिकासिन द्यायची वेळ येऊ शकते, आणि ही औषधं केशपेशी मारण्याबद्दल कुप्रसिद्ध आहेत. एका हाताने कान द्यायचा आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचा!

कुणी म्हणेल, आतला कान तर शरीराचा सुरक्षित कोपरा आहे. रक्तातलं सगळं तिथे सहज शिरत नाही, मग प्रतिकारशक्तीचे पहारेकरी तिथे पोहोचणार कसे? बराच काळ असंच मानलं जायचं. पण १९७९ मध्ये अमेरिकेत ब्रायन मॅककेब यांनी १८ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांचं ऐकणं त्यांच्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यामुळे कमी होत होतं आणि ती दाबणाऱ्या औषधांनी सुधारत होतं. म्हणजे पहारेकरी तिथे पोहोचतात. या रुग्णांना स्टेरॉइड लागू पडतं, पण किती दिवस देणार? स्टेरॉइडऐवजी मेथोट्रेक्सेट चालेल का, हे २००३ मध्ये ६७ रुग्णांवर तपासलं गेलं. औषध न घालता दिलेल्या गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही.

मग रुग्णाच्याच पेशी का वापरू नयेत? जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या पेशींना पुन्हा मूलपेशींसारखं बनवून दाखवलं; पुढच्या वर्षी माणसाच्या पेशींनाही. २०१४ मध्ये कोबे शहरात एका सत्तरीतल्या बाईंच्या त्वचेपासून डोळ्याच्या पडद्याचा थर बनवून तो त्यांच्याच डोळ्यात बसवला, तोही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं न देता. दृष्टी सुधारली नाही, पण घसरण थांबली. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत मात्र जनुकीय बदल आढळले आणि शस्त्रक्रिया थांबवावी लागली. शिवाय प्रत्येकासाठी स्वतंत्र पेशी वाढवायच्या म्हणजे महिनोन्महिने आणि भरमसाट खर्च. म्हणून आता जुळणाऱ्या दात्यांच्या पेशींची पेढी करण्याकडे कल आहे.

प्रतिकारशक्ती दाबण्याचा एक धोका क्वचितच सांगितला जातो. बिघडलेल्या पेशींना आवर घालायचं कामही तीच करते. इस्रायलमधल्या एका मुलाला असा आनुवंशिक आजार होता की तोल सांभाळता येत नव्हता आणि प्रतिकारशक्तीही जन्मतः दुबळी होती. मॉस्कोत त्याच्या मेंदूत गर्भातल्या चेतापेशी टोचल्या गेल्या. चार वर्षांनी मेंदूत आणि कण्यात गाठी सापडल्या. गाठीतल्या पेशी तपासल्या तेव्हा कळलं की त्या मुलाच्या नव्हेतच, दात्यांच्या आहेत. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. दुबळ्या प्रतिकारशक्तीने त्या गाठींना वाव दिला असावा, असं ते मांडणाऱ्या डॉक्टरांनीच नोंदवलं आहे.

शेफील्डचं काम मात्र थांबलेलं नाही. त्यातून निघालेल्या रिन्री थेरप्यूटिक्स या कंपनीला २०२५ मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी माणसांवरच्या पहिल्या चाचणीची परवानगी दिली. रुग्ण जास्तीत जास्त २०. ज्यांना कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात घालायचं श्रवणयंत्र, बसवायचंच आहे, त्यांच्यातच शस्त्रक्रियेच्या वेळी पेशीही सोडायच्या. मला ही आखणी शहाणपणाची वाटते. कान पेशींसाठी मुद्दाम उघडावा लागत नाही, आणि पेशींनी काही केलं नाही तरी इम्प्लांट हाताशी राहतं.

आता आपल्या शहरांतल्या जाहिराती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ची नियमावली स्पष्ट आहे: रक्ताचे ठरावीक आजार वगळता मूलपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, उपचार म्हणून विकता येत नाही. बहिरेपण त्या वगळलेल्या यादीत नाही. तेव्हा कुणी कानासाठी मूलपेशींचं पॅकेज सांगितलं, तर आधी विचारा: चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक काय? पेशी माझ्या की दात्याच्या? दात्याच्या असतील तर कोणतं औषध, किती दिवस? आणि चाचणीच असेल, तर माझ्याकडून पैसे कसले घेता?