वरदेकाठची अज्ञात दासी

(अमरावती येथे वाचकांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संकलित भाग)



ऐतिहासिक प्रणयकथा आणि तिच्यात दडवलेले जन्मरहस्य, हा विषय आपण मला दिलात. आज सकाळी अकोल्याहून निघताना मनाशी ठरविले, की आरंभ आपल्याच वऱ्हाडातून करावा. कौंडिण्यपूरची रुक्मिणी आपणा सर्वांना मुखोद्गत आहे. परंतु जिचे कूळ वर्षभर कोणालाच ठाऊक नव्हते, त्या दुसऱ्या विदर्भकन्येचे, मालविकेचे, आपल्याला बहुधा विस्मरण झालेले असते.

कालिदासाचे 'मालविकाग्निमित्र' पाच अंकांचे आहे. नायक शुंग राजा अग्निमित्र. म्हणजे काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाचा. विदर्भातील माधवसेन आपल्या धाकट्या बहिणीला अग्निमित्रास देण्यासाठी विदिशेकडे निघतो. वाटेत त्याचा चुलतभाऊ यज्ञसेन याचा सीमारक्षक त्याला कैद करतो. मंत्री सुमती आपली बहीण कौशिकी आणि राजकन्या यांना घेऊन निसटतो, व्यापाऱ्यांच्या तांड्यात मिसळतो. तांड्यावर अरण्यातील लुटारूंचा घाला पडतो आणि त्यात सुमती मारला जातो. राजकन्या हस्ते-परहस्ते अग्निमित्राच्याच राणीकडे, धारिणीकडे, पोचते, ती दासी म्हणून! जिथे वधू म्हणून जायचे तिथेच ती नृत्य शिकणारी सेविका होऊन राहते. कौशिकीही परिव्राजिकेच्या वेषात त्याच वाड्यात येते. ती मालविकेला ओळखते, आणि गप्प राहते.

मी पडलो पत्रकार. सारे काही मथळ्यातच सांगून टाकण्याची आमची खोड. त्यामुळे कौशिकीचे हे मौन मला फार दिवस सलत होते. वर्षभर दास्य भोगल्यावर हिला अनुरूप पती लाभेल, असे एका सिद्धपुरुषाचे वचन होते, हे तिचे समर्थन. ते मला पुरेसे वाटत नाही. मालविकेला तळघरात कोंडले जाते तेव्हाही ही विदुषी तोंड उघडत नाही. मात्र पाचव्या अंकात धारिणी तिलाच सांगते, की मालविकेला विदर्भाच्या रीतीने वधूवेषात सजवा. तिची खरी ओळख अजून कोणालाच पटलेली नाही आणि वेष मात्र माहेरचा! त्यानंतर विदर्भातून आलेल्या दोन कलावती तिला पाहतात आणि आपली राजकन्या ओळखतात. शेवटी यज्ञसेन आणि माधवसेन यांच्यात विदर्भाची वाटणी होते. सीमा कोणती? वरदा नदी. म्हणजे तुमच्या-आमच्या ओळखीची वर्धा.

आता मराठी कादंबरीकडे येतो. हरिभाऊ आपट्यांची 'चंद्रगुप्त' आपल्यापैकी अनेकांनी शाळकरी वयात वाचली असेल. मुरादेवीचा टाकून दिलेला मुलगा गुराख्याच्या घरी वाढतो. चाणक्य त्याला घडवितो आणि पाटलीपुत्रात त्याच्या आईपुढेच तिच्या भावाचा मुलगा म्हणून उभा करतो. कौशिकीचे मौन निदान भविष्यवाणीवर विसंबलेले होते. चाणक्याचे मौन हे राजकारण आहे. आई मुलाला जवळ घेते आणि त्याला भाचा समजते. त्या प्रकरणांपाशी मी आजही थबकतो.

पण इतिहास काय म्हणतो? मुरेची कथा उशिराची. 'मुद्राराक्षसा'चा टीकाकार धुंडिराज अठराव्या शतकाच्या आरंभीचा, तंजावरच्या मराठी राज्यातला. त्याच्या उपोद्घातात मुरा ही चंद्रगुप्ताची आजी आहे, आई नव्हे. बौद्ध परंपरा त्याला मोरिय क्षत्रिय म्हणते. हेमचंद्राच्या 'परिशिष्टपर्वा'त तो मोर पाळणाऱ्यांच्या प्रमुखाचा नातू. रोमन लेखक जस्टिनला तो सामान्य कुळातला वाटला.

कादंबरीकाराला यांतून हवे ते निवडण्याचा अधिकार आहे. वाचकाने मात्र कादंबरीला इतिहास म्हणू नये. माझा खरा आक्षेप पुढचा आहे. गुराख्याघरचा पोर सम्राट झाला, एवढे आपल्याला का पुरत नाही? त्याच्या नसांत राजरक्त होतेच, असे कळल्यावर आपण सुटकेचा नि:श्वास का टाकतो? बौद्ध आणि जैन कथांत चाणक्याला हा मुलगा प्रथम दिसतो तो सवंगड्यांत राजा-राजा खेळताना, न्यायनिवाडा करताना. कुळाची चौकशी त्यानंतरची. मालविकेचेही तेच. राजा तिच्यावर भाळतो तो चित्रातली दासी पाहून आणि तिचे नृत्य पाहून. धारिणीने तिला वधूवेष चढविला तोही ती दासी असतानाच.

येथे काही तरुण लेखक बसलेले दिसतात. वऱ्हाडातून विदिशेकडे निघालेल्या त्या तांड्याची कादंबरी कोणी लिहावी, असे मला फार वाटते. ती कौशिकीच्या तोंडून नको, तिला सारे आधीच ठाऊक आहे. त्या दोन कलावतींपैकी एकीने सांगावी. घरची राजकन्या हरवली आहे, आपल्याला परक्या दरबारी भेट म्हणून धाडले आहे, आणि समोर विदर्भाचा वधूवेष ल्यालेली एक मुलगी उभी आहे. तिथून आरंभ करा. पहिले प्रकरण झाले की कळवा, ऐकायला मी अकोल्याहून येईन.