वादळ लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बातमी येते की बंगालच्या उपसागरात वादळ उठले आहे, अमुक किनाऱ्याला धडकणार आहे. आपण मनातल्या मनात अंतर मोजतो आणि म्हणतो, समुद्र आपल्यापासून शेकडो कोस लांब. होड्या बांधायच्या त्या कोळ्यांनी. आपण परवा निवांत वेचणी करू. आज मला एवढेच सांगायचे आहे की हा हिशेब चुकीचा आहे. वाऱ्याचा तडाखा वादळाच्या पोटाजवळ बसतो. पाऊस मात्र कधी कधी वादळाच्या पुष्कळ पुढे धावतो.

चीनमध्ये हेनान प्रांतात झेंगझोऊ नावाचे शहर आहे. समुद्रापासून दूर. तिथे वर्षाला सरासरी 640 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपल्या कोरडवाहू पट्ट्यासारखाच. 20 जुलै 2021 रोजी दुपारी चार ते पाच या एका तासात तिथे 201.9 मिलिमीटर पाऊस पडला. वर्षाचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका तासात! एकरावर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी. म्हणजे एकेका एकरावर तासाभरात दहा हजार लिटरचे ऐंशी टँकर ओतले गेले. त्या पुरात हेनान प्रांतात मेलेले आणि बेपत्ता मिळून 398 माणसे गेली. आणि 'इन-फा' नावाचे वादळ त्या दिवशी कुठे होते? हजार किलोमीटरहून लांब, समुद्रात. चीनच्या किनाऱ्याला ते लागले 25 जुलैला, पाच दिवसांनी.

हे कसे घडते? आपल्या भाषेत सांगतो. मोटार विहिरीवर असते, पण पाणी पडते पाइपाच्या तोंडाशी, शेताच्या पार दुसऱ्या टोकाला. वादळ ही समुद्रावर बसलेली मोटार समजा. त्याच्या कडेने वाहणारा वारा ओल घेऊन दूर जमिनीवर जातो. पण नुसती ओल आली म्हणजे पाऊस पडत नाही. ती ओली हवा वर उचलली जावी लागते. कुठे डोंगर आडवा येतो, कुठे थंड आणि उष्ण हवेची सीमा आडवी पडलेली असते, कुठे उंचावरचा जोरदार वारा तिला वर खेचतो. ओल, तिला उचलणारे काहीतरी, आणि ते एकाच जागी रेंगाळणे, या तिन्ही गोष्टी जुळल्या की ढग तिथेच रिते होतात. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तिकडच्या अशा पावसाचा अभ्यास केला. तो साधारण हजार किलोमीटर पुढे आणि दीड दिवस आधी पडतो, असे त्यांना दिसले. प्रत्येक वादळापुढे असे होत नाही. पण झाले तर सावध व्हायला वेळ उरत नाही.

आणि खरी मेख पुढेच आहे. सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेत 'हेलेन' वादळ आले. ते 26 तारखेच्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागले. पण शेकडो किलोमीटर उत्तरेला, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात पाऊस 25 तारखेलाच सुरू झाला होता. जमीन भिजून गच्च झाली, ओढे भरले, आणि त्या भरल्या भांड्यावर 27 तारखेला वादळाचा स्वतःचा पाऊस पडला. तो जिरणार कुठे? डोंगर खचले, गावे वाहून गेली.

आपल्या काळ्या रानाला हे समजावून सांगावे लागत नाही. पहिला पाऊस ती पिते. वाफसा येण्याआधी दुसरा आला तर तो पिकाच्या मुळावर उठतो. उभी पऱ्हाटी दोन दिवसांत माना टाकते, बोंडे सडतात, ज्वारीचे दाणे काळे पडतात.

आपल्याकडचा दाखला घ्या. 'गुलाब' वादळ 26 सप्टेंबर 2021 च्या संध्याकाळी आंध्राच्या कलिंगपट्टणमजवळ धडकले.  27 आणि 28 तारखेला मराठवाडा पाण्याखाली गेला, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. तो पुढे धावणारा पाऊस नव्हता. वादळाचा उरलेला जोरच आपल्यावर चालून आला होता. पण आपली चूक तीच झाली. किनारा लांब म्हणून आपण निर्धास्त राहिलो.

तेव्हा वादळाचे नाव ऐकले की ते कुठे धडकणार एवढेच विचारू नका. आपल्या जिल्ह्याला कोणता रंग दिला आहे ते पाहा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातातले काम सोडून आधी बंदोबस्त करा. फुटलेला कापूस आधी वेचून घ्या. भिजलेला कापूस कोरड्याच्या गंजीत मिसळू नका. सगळाच पिवळा पडेल. कापलेली कणसे आणि कडबा झाका. युरिया आणि फवारणी थांबवा. तो पैसा पाण्याबरोबर नाल्यात जातो. उताराच्या तोंडाचा चर पाऊस येण्याआधी मोकळा करा. पाऊस लागल्यावर चिखलात कुदळ चालत नाही. आणि पहिली सर ओसरली म्हणून ओढ्याकाठी जनावरे बांधू नका.

हवामान खात्याकडे आणि सरकारकडे आपले मागणे साधे आहे. वाऱ्याचा वेग आणि किनाऱ्याचे नाव सांगता, ते सांगाच. पण ओल कुठे वाहते आहे आणि कोणत्या तालुक्यात किती पाऊस अपेक्षित आहे, तेही शेतकऱ्याला कळेल अशा मराठीत, वेळेवर सांगा. दोन दिवस आधी कळले तर एका घराची एक वेचणी वाचते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात एका वेचणीवर काय काय अवलंबून असते, ते इथे बसलेल्या मायबहिणींना मी सांगायला नको.

गावी परत गेल्यावर हे चार जणांना सांगा. आणि जाताना आधी आपल्या शेताचा चर पाहा.