डबा शोधायला निघू, गाव बघून येऊ


आज एका खेळाविषयी बोलू या.
त्याचं नाव जिओकॅशिंग.

कुणीतरी एक छोटा डबा लपवतो.
त्या जागेचे अक्षांश-रेखांश इतरांना कळवतो.
मोबाइलमधल्या जीपीएसच्या मदतीने आपण तिथवर चालत जायचं.
डब्यात एक वही असते.
वहीत नाव लिहायचं.
आणि डबा होता तिथेच ठेवायचा.
हो, होता तिथेच.
पुढच्या माणसाला तो सापडला पाहिजे ना!

मे 2000 मध्ये अमेरिकेने जीपीएसचे अचूक संकेत सर्वांना खुले केले.
लगेच तिथल्या ऑरेगन राज्यात पहिला डबा लपवला गेला.
आता इंग्लंडमधल्या जुन्या बाजारगावांतही लोक असे डबे शोधत हिंडतात.

मग आपल्या चोपड्यात का नको?
चोपडाही बाजाराचं जुनं गाव.
उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी.
तालुक्यातच, अडावदजवळ, उनपदेवचा गरम पाण्याचा झरा.
पोरांनी हे सगळं पायी हिंडून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

मोबाइल नसला तरी अडत नाही.
चिठ्ठीवर खूण लिहा.
एका चिठ्ठीने दुसरीचा पत्ता सांगावा.

मात्र काही पथ्यं पाळा.
जागेच्या मालकाला आधी विचारा.
कुठेही खणू नका.
जुन्या भिंतीचा दगड हलवू नका.
डब्यात खाऊ ठेवू नका. मुंग्या येतात, जनावरं येतात.
आणि डबा होता तिथेच ठेवा.

शिक्षकहो, येत्या सुटीत मुलांसाठी असा एक डबा नक्की लपवा.