जलसंजीवनी : स्वस्त उपाय, अपुरी मागणी

(बंगळूरमधील जयनगर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वस्तू उपयुक्त, स्वस्त व सहज मिळणारी असली की तिला मागणी असते, असे अर्थशास्त्र सांगते. मुलांच्या जुलाबावरील जलसंजीवनी, म्हणजेच ओआरएस, या नियमात बसत नाही. जयनगरसारख्या शहरी वस्तीत तिची पुडी औषधांच्या दुकानात मिळते; सरकारी आरोग्य केंद्रांत व आशा कार्यकर्तीकडे ती विनामूल्य मिळते. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, २०१९-२१ मध्ये जुलाब झालेल्या पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ६१ टक्के मुलांनाच ती देण्यात आली. २००५-०६ मध्ये हे प्रमाण २६ टक्के होते. प्रगती मोठी आहे. पण पाचांपैकी दोन मुले अजूनही वंचित आहेत.

जलसंजीवनीच्या सामर्थ्याविषयी शंका उरलेली नाही. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली व सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोजचे द्रावण तोंडावाटे देण्यास सुरुवात केली. सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले.

मग अडते कोठे? कर्नाटक व बिहारमधील २५३ शहरांतील खाजगी चिकित्सकांचा एक अभ्यास २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जलसंजीवनी न देण्यामागे साठ्याच्या अभावाचा वाटा सुमारे ६ टक्के व आर्थिक लाभाचा ५ टक्के आढळला. ‘रुग्णालाच ती नको असते’ या चिकित्सकांच्या समजुतीचा वाटा मात्र ४२ टक्के होता. म्हणजे पालक मागत नाहीत आणि चिकित्सक देत नाहीत, अशी ही कोंडी आहे.

या कोंडीचे एक कारण अपेक्षेत आहे. पालकांना जुलाब थांबवणारे औषध हवे असते. जलसंजीवनी जुलाब लगेच थांबवत नाही. ती शरीरातून गेलेले पाणी व क्षार भरून काढते. बालकाचा जीव धोक्यात येतो तो या पाण्याच्या तुटीमुळेच.

ही तूट घरीही ओळखता येते. मूल चिडचिडे होते, अधाशीपणे पाणी पिते, डोळे खोल जातात. पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडल्यास सावकाश पूर्ववत होते. तान्ह्या बाळाची टाळू खोल गेलेली दिसू शकते, लघवी कमी होते. मूल सुस्त वा बेशुद्ध झाले, त्याला पिता येईना किंवा त्वचा पूर्ववत होण्यास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर स्थिती गंभीर समजावी व विलंब न लावता रुग्णालय गाठावे. पिता येत असल्यास वाटेतही घोट घोट जलसंजीवनी द्यावी. शौचात रक्त दिसले किंवा बाळ दोन महिन्यांहून लहान असले, तरीही डॉक्टरांकडे न्यावे.

जुलाब सुरू होताच उपचार सुरू करावा. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या, उकळून थंड केलेल्या पाण्यात संपूर्ण पुडी विरघळवावी. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलास ५० ते १०० मिलिलिटर व त्याहून मोठ्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर द्रावण चमच्याने वा वाटीने पाजावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू द्यावे. चोवीस तासांनंतर उरलेले द्रावण टाकून द्यावे. स्तनपान व नेहमीचा आहार बंद करू नये. चौदा दिवस रोज जस्ताची, म्हणजे झिंकची, गोळी द्यावी : सहा महिन्यांपर्यंत १० मिलिग्रॅम, त्यापुढे २० मिलिग्रॅम.

खरेदी करतानाही दक्षता हवी. अतिगोड पेयांनी जुलाब वाढू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर ‘ओआरएस’ हे नाव वापरण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती याच फसगतीला आळा घालण्यासाठी.

पुरवठ्याची जबाबदारी शासनाची आहे. मागणी मात्र समाजातूनच निर्माण व्हावी लागते. जुलाब झालेल्या मुलाला घेऊन दवाखान्यात जाणाऱ्या प्रत्येक आईवडिलांनी ‘जलसंजीवनी द्या’ असे स्वतःहून म्हटले, तर कोंडी फुटू शकेल. या मागणीला खर्च फार थोडा आहे आणि तिचे मोल एका बालकाच्या जिवाइतके आहे.