उतारवयातील ऋतुसुखे आणि काटकसर

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी पंधरा दिवसांपूर्वी आमच्या घरी येऊन ‘निवृत्तीनंतरचे जीवन’ या विषयावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा केली. आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन उभा जन्म दारव्हा तालुक्यातील प्राथमिक शाळांत मुलांना पाढे शिकविण्यात घालविला. तेव्हा विद्वत्तेचे काही आमच्याकडून घडणार नाही. आज आमचे अडुसष्टावे वर्ष चालू आहे, सेवानिवृत्त होऊन दहा वर्षे झाली. या दहा वर्षांत आम्ही उभयता घरात, परसात आणि आठवडी बाजारात कसे रमलो, आणि त्यात आमचे कोठे चुकले, एवढेच सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे.

आमचे वर्ष चैत्रात सुरू होत नाही, ते मृगात होते. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि चाळीस वर्षांची ती सवय अजून अंगातून गेलेली नाही. पहिला पाऊस पडून आठ दिवस झाले की बांधावर, रस्त्याच्या कडेला, पडक्या भिंतींच्या आडोशाला तरोटा उगवतो. त्याची कोवळी पाने खुडून आणावीत, लसूण व मिरचीची फोडणी द्यावी, सोबत ज्वारीची भाकरी. या भाजीला कोणी बी पेरत नाही, खत घालीत नाही, आणि पंधरा दिवसांत पाने जून झाली की ती आपली आपण संपते. जे पैशाला मिळत नाही आणि वेळ चुकल्यास वर्षभर मिळत नाही, त्याची गोडी काही निराळीच असते.

त्याच सुमारास आमचा दुसरा उद्योग चालतो. ओळखीच्या घरांतून आणि रद्दीवाल्याकडून आम्ही मुलांच्या गेल्या वर्षीच्या वह्या जमा करितो. मुलांच्या वह्यांची शेवटची दहाबारा पाने कोरीच राहतात, हे शिक्षकाइतके कोणास ठाऊक असणार? ती काढून घ्यावयाची, बरोबरीने कापावयाची, दाभणाने भोके पाडून जाड दोऱ्याने शिवावयाची आणि जुन्या दिनदर्शिकेच्या पानाचे वेष्टन घालावयाचे. गतवर्षी अशा त्रेचाळीस वह्या झाल्या. काही पानांवर एकेरी रेघा, काहींवर चौकटी, त्यामुळे देखणेपण कमी. तथापि शाळा उघडण्याच्या दिवशी त्या एकाही मुलाने नाकारल्या नाहीत.

श्रावणात कटुली येतात. येथे आमची एक कबुली आहे. आठवडी बाजारात रानातून कटुली घेऊन येणाऱ्या एका बाईशी आम्ही दरवर्षी भावाची घासाघीस करीत असू, आणि पाच-दहा रुपये कमी झाले की त्या दिवशीची काटकसर साधली असे मानून प्रसन्न चित्ताने घरी येत असू. एकदा सौभाग्यवती बरोबर होत्या. त्यांनी त्या बाईचा हात आमच्यासमोर धरला. काट्याकुट्यांतून वेल धुंडाळताना मनगटापर्यंत ओरखडे उठले होते. सौभाग्यवती एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी ती सांगेल तेवढे पैसे मोजून दिले आणि पुढे चालू लागल्या. तेव्हापासून रानभाजीवाल्यांशी आम्ही भाव करीत नाही. कापडाच्या दुकानात मात्र अजून करितो, आणि त्याची आम्हांस लाज वाटत नाही.

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. इतर भागांतील पाहुण्यांना ही गोष्ट नवी वाटते म्हणून सांगतो: आपल्याकडे मोठ्या पोळ्याला खरे बैल सजतात आणि दुसऱ्या दिवशी लहान मुले लाकडी बैल ओढीत घरोघर जातात व बोजारा मागतात. हे लाकडी बैल दोन-तीन वर्षांत मोडतात. कोणाचे चाक निसटते, कोणाचे शिंग तुटते, आणि घरोघरच्या माळ्यांवर ते धूळ खात पडतात. आम्ही ते मागून आणतो. बाभळीच्या लाकडाची खुंटी, थोडा सरस, शिंगांना बेगड, आणि अंबाडीच्या दोरीची नवी वेसण. गेल्या पोळ्याला आमच्या ओसरीवरून नऊ बैल बाहेर पडले. त्यांतला एक तर आमच्याच मुलाच्या लहानपणचा होता, आणि तो ओढीत नेणारे पोर शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे होते.

हिवाळ्याचे वर्णन करावयास बसलो तर अध्यक्ष महाराजांना घंटा वाजवावी लागेल. तुरीच्या ओल्या शेंगांचे सोले, त्यांत घातलेली बारकी काटेरी वांगी, जवसाची चटणी, अंबाडीच्या तांबड्या बोंडांचे आंबटगोड पेय, आणि पहाटे पऱ्हाट्यांच्या शेकोटीवर तापविलेले पाणी. कापूस वेचून झाल्यावर उरलेली पऱ्हाटी जळणाला आणि तूर झोडपून उरलेल्या तुराट्या कुंपणाला, ही आपल्या जिल्ह्याची जुनी रीत. आमच्या परसातील वेलवर्गीय भाज्यांचा मांडव तुराट्यांचाच आहे. दोन वर्षे टिकतो, तिसऱ्या वर्षी चुलीत जातो. परसाच्या कोपऱ्यात देवकापसाचे एक झाड आहे. शेतातल्या कपाशीसारखे ते दरवर्षी पेरावे लागत नाही, वर्षानुवर्षे उभे राहते. त्याची बोंडे फुटली की सौभाग्यवती सरकी काढून वाती वळीत बसतात. बंगईवर बसून मंद झोका घेत वाती वळणे हा त्यांचा जपच आहे म्हणा.

गोधड्यांविषयी एक गमतीची गोष्ट. सेवानिवृत्त शिक्षकाच्या घरी शाली फार साठतात. निरोपसमारंभ, शिक्षकदिन, आपल्या मंडळाचे सत्कार, जेथे जावे तेथे शाल आणि नारळ. नारळ खाऊन संपतो, शालींचे करावे काय? त्या ऊब देत नाहीत, धुतल्यास रंग सोडतात. शेवटी सौभाग्यवतींनी सात शाली आणि तीन जुनी लुगडी घेऊन दोन गोधड्या शिविल्या. पौषातल्या थंडीत आम्ही अक्षरशः सत्कार पांघरून निजतो. मघाशी मिळालेली शाल आठवी आहे, चिटणीसांनी याची नोंद घ्यावी. पुढील वर्षीपासून शालीऐवजी साधा पंचा द्यावा, ही आमची नम्र सूचना.

आता उन्हाळा. फाल्गुनात पळस फुलतो, चैत्रात मोह गळतो, आणि वैशाखात आपल्या जिल्ह्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. हाच वाळवणाचा काळ. गहू तीन दिवस भिजवावयाचे, पाणी रोज बदलावयाचे, वाटून, गाळून चीक खाली बसवावयाचा, वरचे पाणी ओतून तो शिजवावयाचा आणि सोऱ्यातून कुरडया घालावयाच्या. तो गरम चीक साखर घालून खाणे, हे आमच्या लेखी उन्हाळ्याचे परम सुख.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही एक नियम केला होता. दुपारी दोन वाजण्यापूर्वी कूलर लावावयाचा नाही. विजेची बचत आणि पाण्याचीही बचत. आमच्या वहीत दरमहाच्या खर्चाचा तक्ता असतो, त्यात विजेचा आकडा कमी झालेला पाहून आम्हांस जो आनंद होई तो पेपरात पूर्ण गुण देताना होत असे तसा होता. त्या दिवशी सौभाग्यवती सकाळपासून चुलीपुढे चीक शिजवीत होत्या, नंतर बारापर्यंत गच्चीवर कुरडया घालीत होत्या. खाली येऊन त्यांनी कूलर लावण्यास सांगितले. आम्ही घड्याळ पाहिले. पावणेएक झाला होता. आम्ही म्हणालो, “थोडा धीर धरा, सव्वा तास राहिला.” त्या काही न बोलता भिंतीशी निजल्या.

दीड वाजता आम्ही पाणी घेऊन गेलो तेव्हा त्या असंबद्ध बोलत होत्या. अंगाला हात लावला तर तवा. शेजारच्या मुलाने ऑटोरिक्षा आणली. वाटेत आम्ही ओल्या टॉवेलने त्यांचे अंग पुसत होतो आणि त्या आम्हांस आपल्या माहेरच्या नावाने हाक मारीत होत्या, म्हणजे आम्हांस त्यांचे वडील समजत होत्या. तीन दिवस रुग्णालयात काढले. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर सांगता आले नसते.

घरी आल्यावर आम्ही वही उघडली. रुग्णालयाचे बिल अकरा हजार चारशे. कूलरने महिन्याला वाढणारा खर्च सुमारे सहाशे. म्हणजे एकोणीस मे महिन्यांची वीज आम्ही तीन दिवसांत जाळली. गणित अचूक होते, पण ते करीत असताना आमचा हात कापत होता, कारण त्या तक्त्यात ज्या गोष्टीला रकानाच नव्हता ती आम्ही पणाला लावली होती. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “अहो, कुरडया गच्चीवरच राहिल्या असतील, बघा जरा.” शेजारणीने त्या उचलून डब्यात भरून ठेविल्या होत्या.

बंधूभगिनींनो, आम्ही ज्याला काटकसर म्हणत होतो ती पुष्कळदा दुसऱ्याच्या देहातून केलेली बचत होती. कटुलीवालीच्या मनगटातून, पत्नीच्या रक्तातून. फाटका सदरा आम्ही स्वतः घालतो तोवर ठीक, परंतु घरातील दुसऱ्या माणसाने किती उकाडा सोसावा हे आमच्या वहीने ठरवू नये. आता कूलरला घड्याळ नाही, आणि वाळवण सकाळी नऊपर्यंत आटोपेल एवढेच घातले जाते. चीक ढवळण्याचे काम आमच्याकडे आले आहे. त्यात गुठळ्या होतात, असे घरचे मत आहे.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय हे भाषण प्रामाणिक होणार नाही. ही सारी सुखे स्वस्त आहेत असे आम्ही सांगितले. परंतु ती आम्हांस गोड लागतात, कारण महिन्याच्या आरंभी बँकेत निवृत्तिवेतन जमा होते. आमचा मुलगाही शिक्षक आहे, २००९ साली नोकरीस लागला. १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना आमच्यासारखी जुनी योजना राहिली नाही. दिवाळीत घरी आला असता आमच्या शिवलेल्या वह्या पाहून तो म्हणाला, “बाबा, तुमची काटकसर हौसेची आहे. आमच्या म्हातारपणी ती गरजेची असेल.” आम्ही उत्तर शोधीत राहिलो. अजून सापडलेले नाही.

आमच्या आईची काटकसरही गरजेचीच होती. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरची तांबडी मिलो आणि सुकडी खाऊन आम्ही भावंडे वाढलो. त्या दिवसांत आईच्या ताटात काय असे, हे आम्हांपैकी एकानेही पाहिलेले नाही, कारण ती सर्वांच्या मागून बसे. आणि आपल्या जिल्ह्याविषयी काय बोलावे? महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपविले. अलीकडे काही वर्षे त्या दिवशी पुष्कळ लोक एक दिवस अन्नत्याग करितात. आम्ही उभयताही करितो. त्या दिवशी आमच्या घरची चूल पेटत नाही, आणि तरोट्याची भाजी, पऱ्हाटीचे जळण, लुगड्याची गोधडी यांकडे निराळ्या दृष्टीने पाहावे लागते. शेजारच्या शेतकऱ्याच्या घरीही तेच असते. आम्ही त्याला ऋतूचा आनंद म्हणतो, तो काही म्हणत नाही. पोळ्याला त्याच्या पोराला बैल देताना आम्ही बोजारा म्हणून पन्नास रुपये हातावर ठेविले. संध्याकाळी तो स्वतः तांब्याभर दूध घेऊन आला आणि तांब्या परत नेईपर्यंत ओसरीवर बसला. पावसाविषयी बोललो, भावाविषयी बोललो नाही.

असो. वेळ झाली, आणि भोजनाचा वास सभागृहात येऊ लागला आहे. मंडळींचे लक्ष आता आमच्याकडे नाही हे आम्ही चाळीस वर्षांच्या अनुभवाने ओळखतो. दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून बसतो. दाराजवळच्या टेबलावर देवकापसाच्या वातींच्या पुड्या ठेविल्या आहेत, ज्या भगिनींना हव्यात त्यांनी न्याव्यात. पैसे ठेवू नयेत, तेथे पेटी नाही. आणि आपापल्या घरी मुलांच्या गेल्या वर्षीच्या वह्या असतील तर त्या रद्दीत देण्यापूर्वी आमच्याकडे पाठवाव्यात. यंदा साठ वह्यांचा बेत आहे, त्यांतील वीस शेजारच्या दोन वस्त्यांवर जावयाच्या आहेत, आणि दोरा आम्ही आणून ठेविला आहे.