आडनाव सांगा, मग जागा दाखवतो

(नौपाडा, ठाणे इथं युवकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मी वक्ता नाही. गोदीत माल उचलतो, रात्रपाळी नसली की कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. आज बोलायला उभा राहिलोय, कारण याच नौपाड्यातला माझा एक हिशेब बाकी आहे. तो तुमच्यासमोर मांडायचाय.

गेल्या वर्षी मी विद्यापीठात गेलो. हसू नका. पदवीला नाही गेलो. विद्यापीठाचा शिक्का असलेला सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स, विषय रिअल इस्टेट, वर्ग संध्याकाळचा, दहावी पास चालते. का गेलो? गोदी आटत चाललीय. १९८९ साली न्हावाशेवा सुरू झालं, कंटेनर तिकडं गेले. १९९४ साली डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. माझा बाप बोर्डाचा कामगार, मी ठेकेदाराचा. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या जुन्या गोद्या बुजवल्या. आता पोर्टाच्या जमिनीवर काय बांधायचं याचे नकाशे निघतात. म्हटलं, जमीनच माल होणार असेल, तर त्या मालाची भाषा आपल्यालाही आली पाहिजे.

वर्गात बिल्डरांची पोरं, बँकेतले साहेब, एक-दोन वकील. मी पिवळ्या गेटावरून लोकल पकडून यायचो, अंगाला गोदीचा वास. पहिले दोन महिने मी खूश होतो, खोटं बोलत नाही. एफएसआय म्हणजे काय हे मला पहिल्या तासाला कळलं. हजार मीटरच्या प्लॉटवर १.१ एफएसआय म्हणजे अकराशे मीटर बांधकाम. आम्ही गोदीत थप्पी लावतो, जागा तेवढीच, उंची किती चढवायची त्याचा नियम. सरांना हा दाखला आवडला.

आणि बरंच कामाचं शिकलो. लिहून घ्या. २०१६ चा रेरा कायदा म्हणतो, फ्लॅट कार्पेटवर विकायचा, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसे बिल्डरनं घ्यायचे नाहीत. गिऱ्हाइकाकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, ते त्याच इमारतीला लागले पाहिजेत. आपल्या वस्तीत किती जणांना हे माहीत आहे? आपल्या बापांनी चिठ्ठीवर लाखो रुपये दिले आणि चिठ्ठी कपाटात जपून ठेवली.

मग आला सातबाराचा तास. भोगवटादार वर्ग १, वर्ग २. सर म्हणाले, "वर्ग २, नवी शर्त, वतन जमीन दिसली की लांब राहा. टायटल क्लिअर नसतं." पडद्यावर अक्षरं होती: महार वतन. चाळीस माना वहीत घालून लिहून घेत होत्या. माझा पेन थांबला.

मित्रांनो, आमच्या आज्यापणज्यांनी ढोरं ओढली, सरकारी टपाल गावोगाव पोचवलं, रात्री गाव राखला. त्याच्या बदल्यात हा तुकडा. ही वेठ मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं. १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली. जमीन परत मिळाली ती शर्तीवर: कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही. ही शर्त आपल्या रक्षणाला म्हणून आली. पण सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी तीच जमीन कुलमुखत्यारपत्रावर कवडीमोलानं गेली. माझ्या चुलत्यानं सही केली, कागद कशाचा ते त्याला कळलं नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्यातल्या महार वतनाच्या चाळीसेक एकरांच्या व्यवहारावरून पेपर भरले, तेव्हा देशाला शब्द कळला. वर्गात त्याचा अर्थ एवढाच: टायटल खराब. खराब कुणी केलं, हा प्रश्न परीक्षेला नव्हता.

शेवटी प्रोजेक्ट. मला मिळाली नौपाड्यातली एक जुनी तीन मजली इमारत, गोखले रोडच्या आतल्या बाजूला. तिचं मूल्यांकन करायचं. इमारतीचं वय, रस्त्याची रुंदी, स्टेशनचं अंतर. पायऱ्या मला न बघता माहीत होत्या. माझी आई कोपरीतून रूळ ओलांडून त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भांडी घासायला जाते. गुडघे दुखतात, म्हणून रोज पायऱ्या मोजते. फॉर्मात एक रकाना होता: वस्तीचा दर्जा, उच्च, मध्यम की गरीब. मी सरांना विचारलं, उच्च कशावरून ठरवायचं? सर म्हणाले, "समजून घ्या."

अख्ख्या कोर्सात हे एकच वाक्य मला न शिकवता समजलं.

आता हिशेबाचं. कोर्सनंतर महिनाभर प्रॅक्टिकल म्हणून मी इथल्या एका एजंटकडं बसलो. बाकड्यावर वही, फोन मी घ्यायचा. पहिल्या दिवशी त्यानं शिकवलं, "आधी आडनाव विचारायचं, बजेट नंतर. मी जात मानत नाही रे, पण मालक मानतात. धंदा आहे." मी मान हलवली.

चौथ्या दिवशी एका बाईचा फोन. नर्स होत्या, नवरा बँकेत. वन बीएचके भाड्यानं हवा, डिपॉझिट तयार. मी आडनाव विचारलं. त्यांनी सांगितलं. ते आडनाव माझ्या मामाचं आहे. एजंट समोरून बघत होता. मी म्हणालो, "मॅडम, ती जागा गेली." त्या म्हणाल्या, "सकाळी तर होती." मग थोडं थांबून, "बरं, दादा."

त्यानंतर मी तिथं आणखी नऊ दिवस काम केलं. हे नऊ दिवस मी तुमच्यापासून लपवू शकलो असतो.

१९१७ साली कोलंबियात शिकून आलेल्या माणसाला बडोद्यात घर मिळालं नाही. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहावं लागलं, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक आले. आता काठ्या लागत नाहीत. "जागा गेली" एवढं पुरतं. आणि ते सांगायला माझ्यासारखा पोरगा मिळाला तर उत्तमच. २०२३ साली इथून एका स्टेशनावर, मुलुंडला, मराठी बाईला ऑफिसची जागा नाकारली, तेव्हा सगळा महाराष्ट्र पेटला. पेटायलाच पाहिजे होता. पण मराठी माणसा, तुझ्या मराठी नौपाड्यात मला माझं आडनाव विचारतात, तेव्हा तुझी काडी ओली का?

कायदा काय म्हणतो तेही मी शोधलं. घटनेचं १५ वं कलम दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव यांची नावं घेतं. खाजगी घराचं नाव घेत नाही. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीनं फक्त पारशांनाच सभासद करायचं ठरवलं, ते २००५ साली सुप्रीम कोर्टानं मान्य केलं. भाड्याच्या घराला रेरा लागत नाही. २०२३ पासून महाराष्ट्रात एजंटला ट्रेनिंग घेऊन परीक्षा द्यावी लागते. चांगलं झालं. पण आडनाव विचारू नये, हे त्याला कोण शिकवणार? आमच्या वर्गात तर कुणी शिकवलं नाही. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार गुन्हा ठरलाय, पण तिथं पुरावा लागतो. आपण काय करतो? "बरं, दादा" म्हणतो आणि फोन ठेवतो.

तर माझं म्हणणं एवढंच. हा विषय शिका. सातबारा वाचायला शिका, तो आपल्या आज्याचा आहे. आणि जागा नाकारली की लिहून ठेवा: तारीख, वेळ, एजंटचं नाव, काय शब्द वापरले ते जसेच्या तसे. एकाची नोंद म्हणजे रडगाणं, पाचशेंची नोंद म्हणजे पुरावा. घर देताना जात विचारणं गुन्हा ठरवा, ही मागणी आपण रिकाम्या हातानं करायची नाही, वही घेऊन करायची.

त्या वहीचं पहिलं पान मी लिहिलंय. आरोपी मी आहे.

एजंटकडून निघताना त्या बाईंचा नंबर उतरून घेतला होता. गेल्या आठवड्यात फोन केला. म्हणालो, ताई, ती जागा गेली नव्हती. त्या म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं." मी विचारलं, लिहून द्याल का? म्हणाल्या, "विचार करून सांगते."

मी वाट बघतोय. जयभीम.