चपळ कुत्र्याचें रेखाचित्र

घरांतील पाळीव कुत्रा चित्रकाराच्या नित्य परिचयाचा असतो. पण त्याचें चित्र काढणें सोपें नाहीं. पेन्सिल कागदाला टेकते न टेकते तोंच त्याची मान वळते, कान उभे राहतात, आणि जिन्यावर पाऊल वाजतांच तो उठून दाराकडे धांव घेतो. अशा वेळीं डोळ्यांवर भिस्त ठेवावी कीं स्मरणावर, हा प्रश्न हौशी आणि कसलेल्या दोघांही चित्रकारांना पडतो.

नुसतें स्मरण फसवें असतें. आठवणीनें कुत्रा काढणारा बहुधा डोकें मोठें काढतो, कारण त्याचें लक्ष नेहमीं तोंडाकडेच गेलेलें असतें. मागच्या पायांत तर तो हटकून चुकतो. तेथें मागें वळलेला सांधा दिसतो, त्यास तो उलटा गुडघा समजतो. वस्तुतः ती टांच होय. कुत्रा बोटांवर चालतो. त्याची टांच अधांतरीं असते, आणि खरा गुडघा वर, पोटाजवळ, पुढें वळलेला असतो. निजलेल्या कुत्र्याजवळ बसून हें एकदां नीट पाहिलें, म्हणजे पुढें धांवता कुत्रा काढतांनाही हात चुकत नाहीं.

परंतु नुसत्या पाहण्यानेंही भागत नाहीं. इटालियन चित्रकार जाकोमो बाल्ला यानें १९१२ सालीं साखळीनें बांधलेला, तुरुतुरु चालणारा एक आंखूड पायांचा डॅशहुंड रंगविला. त्यांत पायांचा झुबकाच दिसतो आणि शेपटीही अनेक आहेत. कुत्र्याला इतके पाय नसतात खरे. पण त्याची लगबग डोळ्यांत मागें ठेवते तो ठसा असाच असतो.

इंग्लिश चित्रकार डेव्हिड हॉकनी याचा जिवलग मित्र हेन्री गेल्डझालर १९९४ सालीं वारला. पुढच्याच वर्षीं हॉकनीनें स्टॅन्ली आणि बूजी या आपल्या दोन डॅशहुंडांचीं चित्रें काढलीं. कुत्रे कांहीं सांगितल्याप्रमाणें बसत नाहींत. म्हणून त्यानें घरभर मोठे कागद मांडून ठेवले, आणि ते जेथें पहुडतील तेथें झटपट काम उरकलें.

सामान्य घरींही ही रीत साधण्यासारखी आहे. एकाच कागदावर पांच-सहा आकृति आरंभाव्या. कुत्रा हालला कीं दुसरी घ्यावी. त्याच्या बसण्याच्या लकबी ठरलेल्या असतात, तो पुन्हां पहिल्या ढबीवर आला कीं पहिली पुरी करावी. मधून मधून पाठ फिरवून आठवेल तेवढें काढावें, आणि मग वळून ताडून पाहावें.

कुत्र्याचें आयुष्य बहुधा दहा-पंधरा वर्षांचें. पुढें एके दिवशीं दारांतील त्याची जागा रिकामी होते, आणि चित्र काढावयाचें तर स्मरणावांचून दुसरा आधार उरत नाहीं. तेव्हां कागदावर उतरेल तें इतकेंच, जें तो समोर बागडत असतां मन लावून पाहिलें होतें.